नवरी उचलणारा हरिचंद्र

बेलवलीत आमची बिल्डिंग उभी राहत होती तेव्हा बिल्डरनं विचारलं होतं, गॅलरी कुठल्या बाजूची हवी? लोक हवा बघतात, ऊन बघतात. मी म्हटलं, जिकडून जास्त घरं दिसतील तिकडची द्या. तेव्हापासून मागच्या बैठ्या घरांमधलं बरंच काही मला माहीत असतं, आणि मला माहीत असलेलं संध्याकाळपर्यंत बऱ्याच जणांना माहीत होतं. त्या घरांतलं अगदी समोरचं, निळ्या रंगाचं, ते हरिचंद्र भोईरचं.

हरिचंद्राची ओळख त्याच्या नोकरीवरून करून देण्यात मजा नाही. आनंदनगरच्या एमआयडीसीत तो केमिकलची पिंपं ट्रकमधून उतरवून गोदामात लावायचा. असं काम करणारे पुष्कळ आहेत. हरिचंद्राचं नाव झालं ते नवऱ्या उचलण्यात.

लगेच कान टवकारू नका. सगळं भटजींच्या देखत आणि मुहूर्तावर.

लग्नात मंगलाष्टकांच्या आधी भटजी माइकवरून पुकारतात ना, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे? आमच्यासारख्यांकडे मामा भाचीच्या मागे हात बांधून येतो, निम्मं लक्ष फोटोग्राफरकडे. हरिचंद्राच्या आगरी भावकीत तसं चालत नाही. तिथं मामानं भाचीला घरातून उचलून मांडवात आणायचं. शालू, दागिने, मुंडावळ्या, सगळ्या सरंजामासकट. मामा दमला, मध्येच टेकला, तर पुढच्या दहा लग्नांत त्याचंच नाव निघणार. त्यामुळे ज्यांचे मामा मास्तर नाहीतर बँकेत वगैरे, ते लोक हरिचंद्राला मानलेला मामा करून घेऊन जायचे. त्याला टोपी, टॉवेल, वर मटणाचं ताट. वांगणीच्या एका लग्नात नवरी चांगली भरलेली होती. (नाव सांगत नाही, ती आता आमच्याच वॉर्डात राहते.) तिचा सख्खा मामा तिच्याकडे बघूनच घामाघूम झाला. हरिचंद्रानं तिला उचललं, अर्ध्या वाटेत तिच्यासकट थांबला आणि केटररला विचारलं, "रस्सा तिखट केलाय ना रं?" उत्तर मिळाल्यावरच पुढे निघाला.

असा हा गडी. पन्नाशी ओलांडली तरी दंड असे की शर्टाच्या बाह्या शिंप्याकडे जाऊन उसवून घ्यायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याचे डोळे पिवळे झाले. तुळशी वहिनी, म्हणजे त्याची बायको, त्याला काविळीचं औषध देणाऱ्या एका बुवाकडे घेऊन गेली. बुवानं चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावले, पाणी पिवळं झालं, घरच्यांचा जीव भांड्यात पडला. वर पथ्य सांगितलं. तेल नाही, हळद नाही, डाळ नाही, अंडं नाही, मासळी तर नावालाही नाही. मऊ भात, ताक, कुरमुरे, उसाचा रस आणि मुळा. दिवस मावळायच्या आत जेवायचं, मग दुसऱ्या दिवशी पूजा होईपर्यंत काही नाही. डोळे थोडे निवळले. झालं! बुवाचा शब्द ब्रह्मवाक्य झाला.

मग पाय सुजले, पोट वाढलं, आणि उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात निदान झालं, लिव्हर सिरॉसिस. लिव्हर आकसून दगडासारखं झालंय म्हणे. गावात लगेच कुजबुज सुरू, लपून पीत असणार. मीही गॅलरीतून बरेच दिवस पाळत ठेवली. खरं सांगतो, माझी निराशा झाली. हळदीच्या रात्री अख्खा मांडव झिंगलेला असताना थम्सअप पिणारा हा एकटा माणूस. डॉक्टरांनी सांगितलं, जुना डायबिटीस आणि लिव्हरमध्ये साठलेली चरबी, दारूचा संबंध नाही. पण ही बातमी मी किती जणांना सांगितली तरी कुणाला चवदार लागली नाही.

हॉस्पिटलच्या गोळ्या सुरू झाल्या, मीठ कमी झालं, आणि तुळशी वहिनीनं बुवाचं पथ्यही सोडलं नाही. तिचा हिशेब सरळ होता. लिव्हर आजारी, मग त्याला काम कमी द्यायचं. मासळी पचवायला जड, डाळ जड, भात हलका. शिवाय तिनं गावदेवीला नवस केला होता, हरिचंद्राच्या भाचीचं लग्न होईपर्यंत घरात मासळी शिजणार नाही. ज्या घराच्या मागल्या दारी रोज बोंबील नाहीतर कोलंबी साफ व्हायची आणि आमच्या मजल्यावरच्या शाकाहारी बायका खिडक्या लावून घ्यायच्या, ते घर असं गप्प झालं की मलाच करमेना.

हरिचंद्र मात्र लोकांना ठणठणीत दिसायचा. पोट पुढे आलेलं. मेडिकलवाल्याच्या काट्यावर वजन पूर्वीइतकंच, उलट थोडं जास्त. वहिनी कौतुकानं सांगायची, "तेल नाय, मासली नाय, तरी वजन उतरलं नाय बघा अण्णा. देवीची किरपा."

माझी पंचाईत अशी की मी त्याला वरून बघायचो. समोरून बघणाऱ्याला पोट दिसतं. वरून मानेमागचे दोन खड्डे दिसतात. ओट्यावर उघडा बसला की खांद्याची हाडं खुंटीसारखी वर आलेली. लुंगी सरकली तर मांडी कुठली आणि पोटरी कुठली, समजू नये. आणि मधे ते पोट, कुणी दुसऱ्याचं आणून बसवल्यासारखं. पहिल्यांदा नीट दिसलं तेव्हा मी चहाचा कप कठड्यावर ठेवला आणि आत गेलो. मी गॅलरीतून आपणहून आत जाणं म्हणजे काय, हे माझ्या सुनेला विचारा.

अशात जिज्ञासाचं लग्न ठरलं. जिज्ञासा ही हरिचंद्राची धाकटी बहीण चांगुणा, तिची मुलगी. चांगुणाला दिलीय चिखलोलीला. ती पेढे घेऊन आली ती ओट्यावरूनच ओरडत.

"दादूस, कंबर कस रं! पोरगी जिमला जाते, लोखंडासारखी झालीय!"

"लोखंडाचीच पिंपं उचलली जल्मभर," हरिचंद्र म्हणाला. "घेऊन ये तुझी पोर."

"पोट बघ कवरं केलंयस! वहिनी, भावाला माझ्या बसवून खायला घालतेस काय?"

तुळशी वहिनी हसली. हरिचंद्रही हसला. चांगुणा गेल्यावर त्यानं ओट्यावरून उठायला खांबाला हात घातला, एकदा झुकला, परत बसला, आणि इकडेतिकडे बघत राहिला. वर मात्र बघितलं नाही.

काही दिवसांनी भर दुपारी त्यानं मला खालून हाक मारली. "अण्णा, जरा खाली या. कोनाला सांगू नका." मला 'कोनाला सांगू नका' म्हणून बोलावणारा माणूस एक तर भोळा असतो नाहीतर फार अडचणीत. मी गेलो. घरात कुणी नव्हतं. वहिनी बचत गटात, मुलगा दिपेश अंबरनाथला कामावर. मागल्या पडवीत लग्नासाठी आणलेलं तांदळाचं अर्धवट भरलेलं पोतं होतं.

"ह्याला दोन हातांनी नवरीसारखा उचलतो," तो म्हणाला. "तुमी फकस्त बघा, माझा पाय हालतो काय."

"आणि वहिनीनं पाहिलं तर?"

"म्हनून तर तुमाला उभा केलाय. लोकांच्या घरात कोन येतो-जातो ते तुमच्याशिवाय कोनाला म्हाईत?"

टोमणा बरोबर लागला. मी हसत दाराशी उभा राहिलो. तो उकिडवा बसला, एक हात पोत्याखाली, दुसरा मागून, अगदी नवरीला घ्यावं तसा. श्वास ओढला. पोतं जमिनीवरून सुटलं की नाही, हे मी आजही सांगू शकणार नाही, कारण मी त्याच्या पायांकडे बघत होतो. ते असे थरथरत होते, जणू खालून गाडी जातेय. मग तो मागे बसला. पडला म्हणत नाही, बसलाच, पण उठता येईना. हात जमिनीवर टेकून बघितलं, कोपर दुमडलं. मी त्याला काखेत धरून ओढायला गेलो. माझं वय काय, माझी कंबर काय! आम्ही दोघं म्हातारे एका पोत्याशेजारी भुईवर. मला हसू यायला लागलं. मी म्हटलं, "हरी, वहिनी आली तर आपल्या दोघांचं कायतरी भलतंच गावात पसरेल." तो हसला नाही. माझ्या हातात त्याचा दंड होता. दंड म्हणायचं एवढंच. कातड्याखाली हाड गोल फिरत होतं.

"अण्णा," तो हळूच म्हणाला, "मी कुठं चाललोय वो?"

  मी स्वयंपाकघरातून स्टूल आणलं, त्यावर हात रोवून तो कसाबसा वर आला. त्या दुपारी मी जे पाहिलं ते संध्याकाळी कट्ट्यावर कुणालाही सांगितलं नाही.

वहिनीला मात्र मी सांगितलं. ती घाबरी झाली, पण तिला वाटलं अशक्तपणा असेल, एखादी सलाइन लावली की झालं. आम्ही तिघं रिक्षानं अंबरनाथ पूर्वेला डॉक्टर मीनलकडे गेलो. ही बाई लिव्हरचीच डॉक्टर. वयानं माझ्या मुलीएवढी, आवाज शांत. तिनं आधी हरिचंद्राच्या हातात एक मुठीत दाबायचं यंत्र दिलं.

"दाबा जोरात."

त्यानं दाबलं. काटा हलला न हलला. डॉक्टरनं तो बघितला आणि यंत्र दुसऱ्या हातात दिलं. मग त्याला साध्या खुर्चीवर बसवलं. "हात छातीवर घडी घालून ठेवा, आणि न धरता उठून दाखवा. परत बसा, परत उठा."

पहिल्यांदा तो उठला. दुसऱ्यांदा पुढे झुकून झोका घेतला. तिसऱ्यांदा हाताची घडी सुटली आणि त्यानं टेबल पकडलं. टेबलावरचा पेनांचा डबा खाली पडला. ती पेनं गोळा करायला हरिचंद्र खाली वाकणार, तोच डॉक्टर म्हणाली, "नको, नको, राहू द्या," आणि ते ती इतक्या घाईनं म्हणाली की मीच वाकून पेनं गोळा केली.

"वजन तर हाय तेवढंच हाय," वहिनी म्हणाली.

"काट्याला पाणी आणि मांस यातला फरक कळत नाही, ताई. पोटात, पायात आहे ते पाणी. तेवढंच मांस अंगावरून गेलंय, म्हणून वजन तेच दिसतंय. खातात काय?"

वहिनीनं सगळं सांगितलं. उत्साहानं सांगितलं, परीक्षेला बसलेल्या हुशार मुलीसारखं. मऊ भात, ताक, कुरमुरे, दिवसाउजेडी जेवण. बोलता बोलता डॉक्टरच्या तोंडाकडे बघून तिचा आवाज बारीक होत गेला.

"चांगलं लिव्हर रात्रीपुरती शिदोरी बांधून ठेवतं," डॉक्टर म्हणाली. "यांच्या लिव्हरला ते जमत नाही. मग संध्याकाळी जेवून दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी राहिलं की शरीर स्वतःच्याच मांड्या आणि दंड जाळून दिवस काढतं. आपल्याला एका रात्रीचा उपास, यांच्या अंगाला तो दोन-तीन दिवसांचा पडतो. यांना डाळ हवी, अंडं हवं, ताजी मासळी हवी. सुकट नको, त्यात मीठ. आणि झोपायच्या आधी काहीतरी खायलाच हवं, रोज."

"मंजे," वहिनीनं पदर तोंडाला लावला, "दोन वर्सं मी ह्यांना उपाशी मारलं?"

"तुम्ही जीव लावून केलंत. आता तोच जीव दुसऱ्या बाजूनं लावा."

हरिचंद्राला यातलं काही ऐकायचं नव्हतं. "बाई, ताकद कवा येईल? भाचीचं लगीन हाय. उचलायची हाय मना."

डॉक्टरला आधी कळेना. मी समजावून सांगितलं. तिनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"ऐका काका. हरवलेलं मांस महिनोन्महिने लागतात परत यायला, आणि सगळं येईलच असा शब्द मी देणार नाही. उल्हासनगरला दुर्बीण टाकली तेव्हा तुमच्या अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या दिसल्या होत्या ना? श्वास कोंडून जड उचललं, त्यातली एखादी फुटली, तर रक्ताची उलटी होईल. तुमचं रक्त लवकर थांबत नाही. नुसते पडलात तरी धोका. हॉस्पिटलपर्यंत पोचाल की नाही, ते मी सांगू शकत नाही. मुलगी उचलायची नाही."

परत रिक्षानं निघालो. बेलवलीच्या वळणावर हरिचंद्र म्हणाला, "चांगुणेला कलता कामा नये." माझ्याकडे बघून म्हणाला. वहिनीनंही मान डोलावली, तिचं कारण निराळं होतं. नणंदेला कळलं तर ती काय म्हणणार, ते तिला पाठ होतं. माझ्या भावाला तू उपाशी ठेवलंस.

पुढचे आठवडे त्या घरात कसे गेले, ते मी बघितलं आहे. पहिला प्रश्न नवसाचा. मासळी शिजवावी तर देवी कोपणार, न शिजवावी तर डॉक्टरचं म्हणणं खरं होणार. दोन्हीकडे माणूस तोच जाणार. वहिनी दोन दिवस चुलीशी नुसती बसून होती. मग तिनं गावदेवीपुढे जाऊन सांगितलं, नवस मी केलाय, मी फेडीन, ह्यांना मोकळं कर. तेव्हापासून तिनं स्वतः मासळी तोंडात घातली नाही, आणि त्याच्यासाठी रोज बिनमिठाचा रस्सा व्हायला लागला. ज्याच्या आजा-पणज्यांनी मिठागरात आयुष्यं काढली, तो हरिचंद्र अळणी बोंबलाकडे बघून म्हणायचा, "ह्याच्यापरीस बुवा बरा होता." पण खायचा. निजायच्या आधी शेंगदाण्याचा लाडू आणि दूध. सकाळी खुर्चीवरून ऊठ-बस.

आणि तरीही तो उचलायचा विचार सोडत नव्हता. दिपेशनं एकदा सुचवलं, "बाबा, मी उचलतो ना जिज्ञासाला. मामा नसला तर मामाचा पोर चालतो."

"मी मेल्यावर चालतो," हरिचंद्र म्हणाला. मग बरेच दिवस तो मुलाशी बोलला नाही.

मला म्हणायचा, "अण्णा, चार पावलांचं काम. दम धरला की झालं."

"दम धरायलाच तर डॉक्टर नको म्हणाली."

"तुमी नवरी उचललीय कवा? तुमची तर तुमालाच उचलता आली नसती."

हे खरं होतं. पण रात्री झोप लागेना. मी त्याच्या तोंडाकडे बघायला लागलो होतो. खोकला आला की, ढेकर आली की. त्यानं पान खाल्लं आणि थुंकला तर माझं काळीज लक्कन हलायचं. कुणाला सांगता येईना आणि सांगितल्याशिवाय राहवेना. उभ्या आयुष्यात मला असा आजार झाला नव्हता.

शेवटी हळदीच्या संध्याकाळी मी चिखलोलीला चांगुणाला मांडवाच्या कडेला गाठलं आणि सगळं सांगितलं. पोत्यापासून डॉक्टरपर्यंत. डीजे सुरू व्हायचा होता, मला ओरडावंही लागलं नाही. ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

"झालं अण्णा?"

"झालं."

"मागच्या सालाला माझ्या जावेच्या पोरीचं लगीन मोडलं म्हनून तुमी सांगत फिरलात. ती आज नवऱ्याबरोबर हलदीला आलीय, ती बघा, पान खाते. आता माझ्या दादूसला मारायला निघालात?"

"चांगुणाबाई, या वेळी खरं आहे."

"पोट बघा त्याचं! मरतुकड्या मानसाचं असतं काय असं?" आणि ती हसत हसत बायकांत गेली. तिथं तिनं ते सगळ्यांना सांगितलंही असणार, कारण बायका वळून माझ्याकडे बघत होत्या आणि हसत होत्या. मांडवाच्या पलीकडे हरिचंद्र खुर्चीत बसला होता. त्याला नाचायला ओढत होते, आणि तो दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरून नको नको म्हणत होता. लोकांना वाटलं, मामा उद्यासाठी ताकद राखून ठेवतोय.

लग्नाच्या दिवशी मी वडीलधारा म्हणून नवरीच्या खोलीपर्यंत घुसलो. मला कुणी अडवत नाही, अडवून उपयोग नसतो हे सगळ्यांना माहीत आहे. जिज्ञासा पाटावर बसली होती. हरिचंद्र आत आला. पांढरा सदरा नवा होता पण जुन्या मापानं शिवलेला, बाह्या दंडावर पडद्यासारख्या लोंबत होत्या. तुळशी वहिनी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी. तिचे डोळे त्याच्या पायांवर.

बाहेरून माइक आला. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे."

बायकांनी गलका केला. हरिचंद्र गुडघ्यावर आला, एक हात भाचीच्या गुडघ्यांखाली, दुसरा पाठीमागे. जिज्ञासानं त्याच्या गळ्यात हात टाकला. "मामा, जिमचं वजन हाय, सांभाल," ती हसून म्हणाली. त्यानं श्वास ओढला. कपाळावरची शीर उभी राहिली. मी मनात म्हणालो, सोड. वहिनीचे ओठ हलत होते.

नवरी पाटावरून उठली. खरंच उठली, वीतभर. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. मग त्याचे गुडघे थरथरायला लागले, तसेच, पडवीत पाहिलेले. जिज्ञासाचा कान त्याच्या छातीला लागलेला होता. तिचं हसू थांबलं.

"मामा?"

त्यानं तिला पाटावर परत ठेवलं. टाकली नाही, ठेवली, सावकाश. कशी ठेवली, देव जाणे. मग तो तिथंच भुईवर टेकला.

"मामा नाटक करतंय!" कुणीतरी ओरडलं. हशा झाला. बाहेर बँडवाल्यांनी सूर धरला.

"दादूस, मस्करी पुरे," चांगुणा गर्दीतून पुढे येत म्हणाली. "मुहूर्त टलतोय."

हरिचंद्र स्वतःच्या तळहातांकडे बघत होता. "चांगुणे, मना जमत नाय गो."

पुन्हा हशा.

"जमत नाय मना," तो म्हणाला. "मना उभं कर."

चांगुणा चिडलीच. तिनं खाली वाकून त्याचा दंड खसकन धरला, ओढून उभा करायला. आणि तिचा हात तिथंच थांबला. सदऱ्याची बाही चुरगळत गेली आणि तिची बोटं एकमेकांना भेटली. तिनं बाही वर सारली. आधी थोडी, मग खांद्यापर्यंत. खोलीतला एकेक आवाज विझत गेला. 

"ह्यो कोनाचा हात?" चांगुणा म्हणाली.

त्याला हे विचारत होती की आम्हाला, ते कळलं नाही. माइकवरून दुसऱ्यांदा पुकारा झाला.  वहिनीनं पुढे येऊन नणंदेच्या कानाशी सगळं सांगितलं, काही न लपवता. पथ्यही सांगितलं. मला वाटलं, आता चांगुणा तिला बोल लावणार.  तिनं फक्त विचारलं, "आता उचललं त्यानं काय झालं असंल?"

"म्हाईत नाय," वहिनी म्हणाली. "रगत आलं तं तोंडातून दिसंल."

मग जिज्ञासा पाटावरून उठली. मुंडावळ्या सावरत तिनं मामाचा एक हात घेतला, चांगुणानं दुसरा, दिपेश मागून आला आणि त्यानं बापाला कमरेला धरलं. या वेळी बापानं त्याला झिडकारलं नाही. नवरी चालत मांडवात आली. गर्दी कुजबुजायला लागली असणार, मला ऐकू आलं नाही. एवढ्या बातम्या मांडवात फिरत असताना मला एकही ऐकू न येण्याची ती पहिलीच वेळ.

मंगलाष्टकं सुरू झाली. हरिचंद्राला खुर्ची दिली होती, तो बसायला तयार नव्हता, उभा होता. चांगुणानं त्याचा दंड सोडला नव्हता. अक्षता तिच्या दुसऱ्या मुठीत तशाच राहिल्या, आणि स्वतःच्या मुलीच्या लग्नात ती मुलीकडे बघतच नव्हती. होमासाठी बाजूला कुणी निखारे फुलवत होतं, त्याचा धूर मांडवात शिरला. हरिचंद्राला खोकला आला.

त्यानं खिशातून पांढरा रुमाल काढला आणि तोंडाला लावला. खोकला बराच वेळ चालला. मग त्यानं रुमाल खाली घेतला. तुळशी वहिनी, चांगुणा आणि मी, तिघंही एकदम पुढे वाकलो.

रुमाल पांढराच होता. त्यानं तो घडी करून खिशात ठेवला. अंतरपाट दूर झाला, टाळ्या वाजल्या, आणि आम्ही तिघं त्याच्या तोंडाकडे बघत, पुढच्या खोकल्याची वाट पाहत उभे राहिलो.